उजवी समई

आंब्याची फोड सुरीच्या टोकावर होती आणि काशिनाथच्या तोंडापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली होती. मानकुराद. अजून बाजारात नीटसा आलेलाही नव्हता. "खा मास्तर, म्हज्या दारच्या झाडाचो. पयलोच," असं म्हणून शेटनी फोड पुढे केली, आणि त्याच दमात, आवाज जराही न बदलता म्हणाले, "तिगांक कायम करतां हांव. सुविधाक, किरणाक, साक्षीक. अजयाक न्हय." काशिनाथने फोड घेतली आणि तोंडात घातली. झालं ते एवढंच. फोड हातातच धरून 'अजयला का नाही?' असं विचारता आलं असतं. ती टेबलावर ठेवून उठताही आलं असतं. पण माणसाचा हात पुढे आला की आपलाही जातो, आणि तोंडात घास असताना बोलू नये हे तर आईने थोबाडीत मारून शिकवलेलं. त्याने चावलं, गिळलं. आंबा गोड होता. इतका गोड की क्षणभर त्याला खरंच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच मागाहून भीती वाटली. खाली पणजीचा रस्ता दुपारच्या उन्हात गप्प पडला होता. शेट दुसरी फोड कापत होते. त्यांच्या नखांना रसाने पिवळी कड आली होती.

शेट म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. डिचोलीकडच्या दोन खाणी त्यांच्या, नदीतल्या बार्जी त्यांच्या, गावातून दिवसभर धुरळा उडवत जाणारे ट्रक त्यांचे, आणि त्या धुरळ्यात खिडक्या लावून बसलेली शाळाही त्यांचीच. काशिनाथ त्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि शिक्षक संघटनेचा चिटणीस होता. चिटणीस व्हायला कोणी तयार नव्हतं म्हणून तो झाला, असं तो घरी सांगत असे. संघटनेची मागणी एकच होती, चार शिक्षकांना कायम करा. सुविधा, किरण, साक्षी आणि अजय यांना संस्था दर एप्रिलात नोकरीतून मोकळं करायची आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने घ्यायची. सुट्टीत माणूस कोणाचा नाही, आणि जूनमध्ये तोच माणूस पुन्हा कोरा. अशाने कोणी जन्मात कायम होत नसे. यंदा शिक्षकांनी वार्षिक परीक्षेचे निकाल अडवून धरले होते, म्हणून तर हे पणजीचं बोलावणं. आणि "चौघंही, नाहीतर कोणीच नाही," हे वाक्य काशिनाथचंच. शिक्षकांच्या खोलीत टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला होता. मूठ नंतर दोन दिवस दुखत होती.

"तो म्हज्या ट्रकां मुखार भुरग्यांक बसयता," शेट सांगत होते. ट्रकांपुढे मुलं बसवणाऱ्या अजयवर त्यांना राग आलेला दिसत नव्हता, उलट ते थोडे दुखावल्यासारखे दिसत होते. "म्हजीच शाळा, म्हजींच भुरगीं, म्हजेच ट्रक. हांवें गाऱ्हाणें कोणाक सांगप, सांगा पळोवया?" काशिनाथला हसू आलं, आणि ते त्याने आवरलं नाही. मग काहीतरी म्हणायचं म्हणून तो म्हणाला, "शेट, तो कोंकणीवाल्यांच्या मोर्च्याला गेला म्हणून तर नाही ना?" शेटनी हात झटकला. "भाशेचें म्हाका सांगूं नाकात. कोंकणी करा, मराठी करा. ट्रक चलूंक जाय. सांजे मेरेन फोन करा, ना जाल्यार सोमारा पेपरांत जायरात. मास्तर कितलेय मेळटात." संध्याकाळपर्यंतची मुदत घेऊन जिना उतरताना काशिनाथच्या लक्षात आलं की अजयच्या बाजूने आपण जो एकच प्रश्न विचारला, तोसुद्धा अजयच्या विरुद्ध जाण्यासारखा होता.

पूल पडल्यापासून पलीकडे जायचं तर फेरीबोट. बेतीच्या धक्क्याकडे ती निघाली तेव्हा तो कठड्याला टेकून उभा राहिला. पाण्यात मोडक्या पुलाचे खांब, आणि त्यांच्यापासून लांब राहून लाल मातीने भरलेल्या बार्जी एकामागून एक समुद्राकडे चाललेल्या. शेजारी दोघेजण गोवा घटक राज्य होणार, मग नोकऱ्याच नोकऱ्या, असं बोलत होते. काशिनाथने हात रुमालाला पुसले. हुंगले. आंब्याचा वास जात नव्हता. त्याला वाटत होतं की आपण अजयचा विचार करतो आहोत, पण मन भलतंच करत होतं. ते आपलं आपण कारणं गोळा करत होतं, तेही किती झरझर. अजय एकटा आहे, लग्न नाही. अजय तरुण आहे, त्याला कुठेही मिळेल. सुविधाचा नवरा खाणीवरचा खोकला घेऊन घरी बसलाय, तिला कुठे मिळणार? राजभाषेवरून भांडणं पेटली तेव्हा मराठी शाळेत शिकवणारा हा गडी उघड कोंकणीच्या मोर्च्यात चालला, बाकीच्या शिक्षकांनी महिनाभर त्याच्याबरोबर चहासुद्धा घेतला नाही. त्याच्यासाठी कोण रडणार आहे? एकाला सोडलं तर तिघांची घरं उभी राहतात. हिशेब बरोबर होता. पण हा हिशेब त्याने बोट धक्क्याला लागायच्या आतच पुरा केला, आणि तो सुटल्यावर, पुसायला हरकत नसलेली पाटी पुसावी तसं त्याला हलकं वाटलं. मग स्वतःची शिसारी आली. शिसारी आली हे त्याला थोडं बरंही वाटलं, कारण ज्याला शिसारी येते तो काही अगदीच वाईट माणूस नसतो.

बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. डिचोलीच्या पुढे पाळीच्या वाटेला लागलं की झाडंसुद्धा लाल होतात. पानांवर, कौलांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर तोच धुरळा. याच रस्त्यावर शाळेच्या फाटकासमोर सातवीतली गंगा ट्रकखाली आली. जीव वाचला, पाय गेला. दुसऱ्या दिवशी अजयने काही न सांगता, न विचारता, सगळा वर्ग बाहेर काढून रस्त्यावर बसवला आणि तिथेच अपूर्णांक शिकवले, पाढे म्हणवून घेतले. ट्रकांची रांग मागे दिसेनाशी होईपर्यंत लागली होती. काशिनाथ तेव्हा फाटकात उभा होता. फाटकाच्या आत नाही, बाहेरही नाही. मुलं मोठ्याने पाढे म्हणत होती, आणि त्याला आठवलं की त्या वेळी त्याचा ऊर भरून आला होता. हा माझा विद्यार्थी, असं तो शेजारी उभ्या असलेल्या जुन्या शिक्षिका वत्सलाबाईंना म्हणालाही होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. पेडण्याच्या शाळेत काशिनाथ नवा मास्तर होता तेव्हा पुढच्या बाकावर, मोठ्या भावाची ढगळ चड्डी सुतळीने बांधून बसणारा तो मुलगा. आणि पुढे मुलगा मोठा झाला, शिकला, तेव्हा त्याला या शाळेत बोलावून घेणाराही काशिनाथच.

त्या पेडण्याच्या वर्गात एकदा काशिनाथने देवाचा प्रसाद लावला होता. म्हणजे खरं तर फळ्याशेजारी पाटी उभी केली होती. देवळात प्रश्न विचारायचा तर गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्याने ओल्या केलेल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, परगावचा प्रवास, सगळं त्या पाकळ्यांवर. पंचविशीतल्या काशिनाथला तेव्हा देवाधर्मावर तोंड टाकायची भारी हौस. त्याने पाटीला दोन पाकळ्या लावल्या, उजवीजवळ पेटती मेणबत्ती धरली, आणि मुलांना म्हणाला, बघा. उजवीचं पाणी आधी सुकलं, उजवी पडली. पुन्हा लावली, पुन्हा उजवी. मुलांनी लगेच माना डोलावल्या. फक्त अजय उठला आणि म्हणाला, "सर, दिवो मात्सो पयस व्हेल्यार?" काशिनाथने मेणबत्ती लांब नेली, आणि या खेपेला डावी पडली, मग उजवी, मग पुन्हा डावी. "लांब असला की भरवसा नाही," त्याने मुलांना सांगितलं होतं. "अंतर महत्त्वाचं, अजय. अंतर लक्षात ठेव." हेडमास्तरांनी नंतर बोलावून चांगली हजेरी घेतली, गावातले चार लोक भांडायला आले. पण तो दिवस काशिनाथच्या आयुष्यातला सगळ्यात सरळ दिवस होता, असं बसच्या खिडकीला डोकं टेकून आता त्याला वाटलं.

शिक्षकांच्या खोलीत सगळे वाट बघत होते. काशिनाथने काही लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. शेट काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. आंब्याचं तेवढं सांगितलं नाही. अजय नेहमीसारखा खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता. त्याचं नाव आलं तेव्हा त्याने फक्त पाय हलवायचे थांबवले. सुविधा पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. किरण आणि साक्षी एकमेकांकडे न बघता एकाच फरशीकडे बघत होते. बाहेरून ट्रक गेला, काचा थरथरल्या, आणि तो जाईपर्यंत बोलायला नको म्हणून सगळ्यांनाच बरं वाटलं. मग वत्सलाबाई, सगळ्यांत जुन्या, म्हणाल्या, "मतां घेवंया. हात वयर करात. अजय मात्सो भायर रावतलो." अजय कट्ट्यावरून उतरला. "हांव वचूं भायर?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. कोणी जा म्हणालं नाही, आणि बस असंही कोणी म्हणालं नाही. तो मधोमध उभाच राहिला. काशिनाथला त्या खोलीतले सगळे हात दिसत होते. मांडीवरचे, खिशातले, टेबलावरचे. यातला एकही अजयसमोर वर जाणार नाही, आणि अजय बाहेर गेला तर सगळे जातील. आणि पहिला कोणाचा जाईल याची सगळे वाट बघत होते. चिटणिसाचाच जाईल, दुसरा कोणाचा जाणार?

"सर, म्हाका आतां एप्रिल सोंसना," सुविधा एकदम म्हणाली. मग तिची तीच लाजली. "अजयाक काडून म्हाका नाका. पूण सोंसना."

"देवाला विचारूया," काशिनाथ म्हणाला.

हे वाक्य कुठून आलं ते त्याला कळलं नाही, असं त्याला म्हणायला आवडलं असतं. पण रविवारी तो रवळनाथाच्या देवळात गेला होता, आणि गाभाऱ्यात देवाच्या डावीकडची समई नव्हती. गळायला लागली म्हणून ती कासाराकडे झाळायला दिली होती. उजवीकडची एकटीच जळत होती. हे त्याला माहीत होतं. त्याने ते मनातल्या मनात शब्दांत मांडलं नाही एवढंच. मांडलं असतं तर स्वतःच्या तोंडाकडे बघवलं नसतं. खोलीतले सगळे मात्र एकदम सैल झाले. वत्सलाबाईंनी हात जोडले. देव सांगेल ते करायचं, मग माणसाला बोल कुठला? किरणसुद्धा, जो एरवी देवळाच्या पायरीलाही जात नसे, चपला घालू लागला. विज्ञानाच्या मास्तरने देवाचं नाव काढलं याचं कोणालाही नवल वाटलं नाही. अजय तेवढा त्याच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात काय होतं हे काशिनाथला त्या वेळी वाचायचं नव्हतं, म्हणून त्याने छत्री शोधायला सुरुवात केली, एप्रिल महिन्यात.

देऊळ शाळेच्या मागे, शेत ओलांडलं की आलंच. दिवेलागण होत होती. महादेव गुरवाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, तोंडातला विडा बाहेर जाऊन टाकून आला आणि हात धुऊन गाभाऱ्यात शिरला. मूर्तीच्या छातीवर दोन्ही बाजूंना पिटकोळीच्या फुलांच्या लाल पाकळ्या चिकटल्या. उजवी पडली तर शेटचं म्हणणं मानायचं, डावी पडली तर नाही. महादेव उंबऱ्याशी उभा राहून गाऱ्हाणं घालू लागला. "बा देवा म्हाराजा, आज हीं तुजीं लेकरां तुज्या पांयांकडे आयल्यांत—" आणि मागून सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "तांच्या पोटापाण्याची गजाल आसा. एकल्याक सोडून तिगांचें बरें जाता तें तुका मानवता काय ना, तें दाखय—" "व्हय म्हाराजा!" काशिनाथने आपला आवाज ऐकला. तो इतरांच्या आवाजात छान मिसळून गेला होता. हात वर करायला अवघड जातं, पण व्हय म्हाराजा म्हणायला काही लागत नाही. ते लहानपणापासून तोंडात असतं. मग गाऱ्हाणं संपलं. तो समईच्या ज्योतीकडे बघत होता. समई गाभाऱ्यात होती, पण उंबऱ्याला लागून, देवापासून हातभर अलीकडे. उजवी पाकळी चकाकत होती. ती सुकावी म्हणून आपण श्वास रोखून धरला आहे हे त्याला छातीत दुखू लागलं तेव्हा कळलं.

डावी पडली.

इतकी हलकेच पडली की महादेवने बोट दाखवेपर्यंत अर्ध्यांना दिसलंच नाही. "डावें," महादेव म्हणाला. "देवाक मान्य ना." आणि काशिनाथला आनंद झाला. खरा, निखळ आनंद, रस्त्यावर पाढे म्हणणारी मुलं ऐकून झाला होता तसा. सुटलो, त्याला वाटलं. देवाने हात धरून वाचवलं. आता डिचोलीला जाऊन फोन लावायचा आणि सांगायचं, शेट, चौघंही नाहीतर कोणीच नाही. तो अजयकडे बघणार होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होता. तेवढ्यात सुविधाचा आवाज आला. रडणं नव्हतं ते. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेव्हा तोंडातून निघतो तसा आवाज. तिने तोंडावर पदर घेतला. किरणने खांबाला पाठ टेकली. साक्षी वत्सलाबाईंकडे, वत्सलाबाई काशिनाथकडे. हळूहळू सगळेच काशिनाथकडे बघू लागले. महादेवने या गावात जन्म काढला होता, माणसं देवाकडे कशाला येतात हे त्याला ठाऊक होतं. तो खाली बघत म्हणाला, "परत विचारूंक मेळटा. देव रागार जायना. पूण तुमच्यांतल्या कोणें तरी सांगूंक जाय."

कोणी तरी. देवळात इतकी माणसं होती, आणि घंटेची दोरीसुद्धा हलत नव्हती. आता समईचा आडोसा नव्हता, देवाचा नव्हता, व्हय म्हाराजाचाही नव्हता. एकट्याने, आपल्या तोंडाने बोलायचं होतं. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. गप्प राहणं तर त्याला चांगलं जमत होतं. दुपारी घास तोंडात घेऊन तो तेच तर करून आला होता. पण या वेळी गप्प राहिलं तर अजय वाचत होता.

"विचार," काशिनाथ म्हणाला.

महादेव नवीन पाकळ्या आणायला मागच्या बाजूला गेला. मग अजय पुढे झाला. तो उंबऱ्याशी गेला, वाकला, हात लांबवून समईचा दांडा धरला आणि ती सावकाश आत सरकवली, देवाच्या अगदी उजव्या अंगाशी, ज्योत मूर्तीच्या छातीवर पडेल इतकी जवळ. वाती पुढे ओढल्या. उजेड वाढला. इतरांना वाटलं, अंधार पडतोय म्हणून पोराने उजेड केला. वत्सलाबाई तर बरं केलंस म्हणाल्या. अजयने बोटांना लागलेलं तेल केसांना पुसलं, लहानपणी शाई पुसायचा तसं, आणि मागे वळला. त्याचा चेहरा शांत होता, गणित सुटल्यावर मुलाचा असतो तसा.

"पयस आशिल्ली, सर," तो हळूच म्हणाला.

लांब होती; अंतर लक्षात ठेव, असं काशिनाथनेच त्याला कधीकाळी सांगितलं होतं. महादेव आला, पाकळ्या लागल्या, गाऱ्हाणं पुन्हा सुरू झालं. समई हलल्याचं महादेवला दिसलं असेलच, पण तो काही बोलला नाही. "कोण ह्या लेकरांचें वायट चिंतीत जाल्यार, घरचो आसूं, भायलो आसूं, ताचें ताका दी रे म्हाराजा—" आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यात अजयचा आवाज सगळ्यांत स्वच्छ होता. काशिनाथनेही म्हटलं. उजवी पाकळी तडकन पडली. सुविधा रडत रडत पाया पडली, कोणीतरी घंटा वाजवली. महादेवने प्रश्न विचारणाऱ्याला म्हणून पहिलं तीर्थ काशिनाथला दिलं. त्याने ओंजळ तोंडाशी नेली, तर हाताला अजून आंब्याचा वास येत होता. तो ते प्यायला. वळला तेव्हा बाकीचे सभामंडपात अजयभोवती जमले होते, त्याला प्रसाद देत होते, देवाच्या मनात होतं बाबा, असं म्हणत होते. अजय सगळ्यांना हो म्हणत होता. मग सगळे चपला शोधू लागले, तेव्हा तो एकटा परत उंबऱ्याशी आला आणि समई मागे ओढून, जमिनीवर तिच्या बुडाचा जो तेलकट गोल उमटला होता, बरोबर त्यावर ठेवून गेला.